अंगठा काय सांगतो आणि काय सांगत नाही

'अंगठेबहाद्दर' हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला जातो. ज्याला सही येत नाही, तो अंगठेबहाद्दर. सावकाराच्या वहीवर, मुकादमाच्या मस्टरवर, कोर्टाच्या कागदावर आपल्या आज्या-पणज्यांनी निळा अंगठा उठवला आणि कागदात काय लिहिले आहे हे दुसऱ्याने वाचून सांगितले तेवढेच खरे मानले. म्हणून घरातल्या पहिल्या शिकलेल्या पोराने सही केली की केवढे कौतुक व्हायचे! अंगठा सुटला असे वाटायचे. आता गंमत पाहा. एम.ए. झालेली मुलगीसुद्धा आज रेशनच्या दुकानात, बँकेत, कामाच्या ठिकाणी हजेरीला बोट टेकवते. घरफोडी झाली की पोलीसही आधी बोटांचे ठसे शोधतात. सही मागे पडली आणि अंगठा परत आला. तेव्हा हा अंगठा नेमके सांगतो तरी काय, हे आपल्या घराघरात ठाऊक असावे असे आम्हाला वाटते.

या विद्येचा मोठा भाग आपल्याच देशात, बंगालमध्ये घडला. १८५८ साली जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी होता. रस्त्यासाठी खडी पुरवण्याचा करार त्याने राज्यधर कोनाई या ठेकेदाराशी केला. करार कोनाईने स्वतःच्या हाताने लिहिला होता, म्हणजे गडी अंगठेबहाद्दर नव्हता. तरीही साहेबाने त्याच्या तळहाताला शाई फासली आणि कागदावर पंजा उठवून घेतला. उद्या हा 'सही माझी नव्हेच' म्हणेल, ही धास्ती! पुढे हर्शेलने अनेक वर्षे एकाच माणसाचे ठसे पुन्हा पुन्हा घेतले आणि ते बदलत नाहीत हे पाहिले. मग त्याने पेन्शनर, दस्त नोंदवणारे आणि कैदी यांचे ठसे घ्यायला सुरुवात केली.

ठसे घेणे सोपे होते, पण हजारो कागदांच्या ढिगातून एक ठसा हुडकायचा कसा? हे कोडे कलकत्त्याला सुटले. बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोन हिंदी अधिकारी होते. दहा बोटांपैकी कोणत्या बोटावर चक्र आहे, त्यावरून आकडे मांडून त्यांनी सारे कागद १०२४ कप्प्यांत विभागायची रीत बसवली. यातले गणित हक यांचे होते. १८९७ साली कलकत्त्यात ठशांची कचेरी उघडली आणि १९०१ साली हीच रीत लंडनच्या स्कॉटलंड यार्डात गेली. जगभर तिला नाव मिळाले 'हेन्री पद्धत'. हक आणि बोस यांना पुढे खानबहादूर, रायबहादूर असे किताब मिळाले, पण पद्धतीला नाव साहेबाचेच राहिले. काम एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, हा अनुभव आपल्या वाचकांना नवा नाही.

या कचेरीचा पहिला मोठा खटला मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण पुढे आम्हाला जे म्हणायचे आहे ते सगळे त्यात आहे. १८९७ साली जलपायगुडीच्या एका चहामळ्याचा मॅनेजर गळा चिरलेल्या अवस्थेत सापडला. पेटी फोडलेली आणि पैसे गेलेले. संशय कोणाकोणावर? मळ्यातल्या मजुरांवर, स्वयंपाक्यावर, त्या भागातून गेलेल्या काबुल्यांवर आणि ज्या बाईशी मॅनेजरचे संबंध होते तिच्या नातेवाइकांवर. थोडक्यात, आसपासच्या सगळ्या गरिबांवर. पेटीत एक बंगाली पंचांग होते. त्याच्या वेष्टनावर दोन तपकिरी डाग होते आणि त्यांतल्या एकात बोटाच्या रेषा दिसत होत्या. तपासणीत डाग रक्ताचे निघाले. कलकत्त्याच्या कचेरीत ठसा ताडून पाहिला, तर तो चरण नावाच्या जुन्या नोकराच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. याच मॅनेजरच्या तक्रारीवरून चोरीची शिक्षा भोगून चरण नुकताच सुटला होता, म्हणून त्याचा ठसा दप्तरी होता. शेकडो मैलांवरच्या बीरभूम जिल्ह्यातून त्याला पकडून आणले, पुन्हा ठसा घेतला आणि तो तंतोतंत जुळला.

आता कोणी म्हणेल, मग फाशीच झाली असेल! नाही झाली. चोरी शाबीत धरली गेली, पण खुनाच्या आरोपातून चरण सुटला. त्याने पंचांग हाताळले हे ठशावरून पटते, पण गळा त्यानेच चिरला हे कोणी पाहिलेले नाही, तेव्हा खुनाची शिक्षा देणे धोक्याचे, असे ठरले. परक्यांच्या राजवटीत, एका मॅनेजरच्या खुनात, एका नोकराच्या बाबतीत एवढा विवेक दाखवला गेला. अंगठा एवढेच सांगतो की हात इथे लागला. केव्हा लागला, कशासाठी लागला, त्या हाताने आणखी काय केले, हे अंगठा सांगत नाही.

आता बोटाकडे वळू. बोटावरच्या रेषा बाळ पोटात असतानाच, पाचेक महिन्यांपर्यंत उमटून पक्क्या होतात. आपल्या म्हाताऱ्या बायका बाळाची बोटे पाहून 'शंख किती, चक्र किती' मोजायच्या आणि भविष्य सांगायच्या. भविष्याचे सोडून द्या, ते थोतांड आहे. पण त्यांनी पाहिलेले आकार खरे आहेत. वळसा घेऊन परत फिरणारा शंख सर्वांत जास्त आढळतो, त्याखालोखाल चक्र, आणि सर्वांत कमी साधी कमान. मात्र ओळख पटते ती या आकारांवरून नव्हे. एखादी रेषा कोठे संपते, कोठे तिला फाटा फुटतो, अशा बारीक खुणा जुळवून ओळख पटवतात. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या भावांचे रक्तगुण एक असतात, पण त्यांच्या बोटांवरच्या या खुणा वेगळ्या असतात.

कलकत्त्याची ही विद्या इंग्रजांनी आणखी एका कामाला लावली, तेही सांगायला हवे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. १९११ च्या कायद्याने जिल्हा मॅजिस्ट्रेटला अधिकार दिला की, नोंदलेल्या माणसाचे ठसे केव्हाही घ्यावेत. त्या माणसाने गुन्हा केला असलाच पाहिजे असे नाही. सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारांआड आपले पारधी, कैकाडी बांधव कसे राहिले, हे त्या पिढीतल्या म्हाताऱ्यांनी आपल्याला सांगितले आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. चहामळ्यावर आधी गुन्हा घडला आणि मग ठसा शोधला. इथे आधी ठसा घेऊन ठेवला आणि मग गुन्ह्याची वाट पाहिली. बोट तेच, शाई तीच. फरक घेणाऱ्याच्या मनात.

आता कप्प्यांच्या कपाटाच्या जागी संगणक आले आहेत. देशभरच्या पोलिसांचे ठसे एकत्र ठेवणारी यंत्रणा २०२२ पासून सुरू झाली आहे. काचेवर सापडलेला ठसा त्यात घातला की लाखो ठशांतून जवळचे ठसे थोड्या वेळात समोर येतात. पूर्वी याला महिने लागत. चोर सापडतात, बेवारस प्रेताची ओळख पटते, हा फायदा आम्ही नाकारत नाही. पण एक गोष्ट नीट समजून घ्या. संगणक 'हाच तो' असे म्हणत नाही. तो 'याच्यासारखे हे इतके' अशी यादी देतो. 'हाच तो' असे म्हणणारा शेवटी माणूसच असतो.

आणि माणूस चुकतो. मार्च २००४ मध्ये स्पेनच्या माद्रिद शहरात लोकलगाड्यांत बॉम्बस्फोट झाले आणि १९० हून अधिक माणसे मेली. स्फोटाच्या साहित्याच्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीवर ठसा मिळाला. अमेरिकेच्या एफ.बी.आय.च्या संगणकाने वीस जणांची यादी दिली. त्यात चौथा होता ब्रँडन मेफिल्ड, ओरेगॉन राज्यातला एक वकील. जाणत्या तज्ज्ञांनी एकामागून एक 'ठसा याचाच' म्हणून शिक्का मारला. स्पेनचे पोलीस 'जुळत नाही' म्हणत होते, तरी ऐकले नाही. मे महिन्यात मेफिल्डला उचलले. कोर्टाने नेमलेल्या तज्ज्ञानेही मान डोलावली. आणि त्याच सुमारास स्पेनच्या पोलिसांनी खरा माणूस शोधला. ठसा अल्जीरियाच्या एकाचा होता! मेफिल्ड दोन आठवड्यांनी सुटला आणि सरकारने त्याला वीस लाख डॉलर भरपाई दिली. मेफिल्ड धर्माने मुसलमान होता. पहिली चूक त्यामुळे झाली नाही, पण ती चूक पुन्हा तपासून पाहण्याची बुद्धी न होण्यात त्याचा हात असू शकतो, असे सरकारी चौकशीच्याच अहवालात आहे. ज्याच्यावर आधीच संशय घ्यायची सवय आहे, त्याच्या बाबतीत यंत्राचा शब्द लवकर खरा वाटतो.

चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांचे तर याहून अवघड आहे. २०१८ साली अमेरिकेत तीन कंपन्यांची यंत्रे तपासली. चेहऱ्यावरून बाई की पुरुष एवढेच सांगायचे होते. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक शंभरात एकाच्याही आत, आणि सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत त्यांतल्या एका यंत्राची चूक शंभरात चौतीसपर्यंत! यंत्राला शिकवताना ज्यांचे फोटो जास्त दाखवले, तेच चेहरे ते नीट ओळखते. २०२० साली डेट्रॉइटमध्ये रॉबर्ट विल्यम्स या काळ्या गृहस्थाला अशाच चुकीच्या जुळणीवरून बायको-मुलींसमोर घरून पकडून नेले. चोरी दुसऱ्याच कोणाची होती.

पोलिसांचा संगणक आणि रेशन दुकानातली अंगठ्याची मशीन यांत मात्र एक महत्त्वाचा फरक आहे. रेशनची मशीन विचारते, 'तूच का तो?' म्हणजे एका ठशाची एकाच ठशाशी तुलना. पोलिसांचा संगणक विचारतो, 'हा कोण?' म्हणजे एकाची लाखोंशी तुलना. दुसऱ्या प्रश्नात चुकीला फार वाव असतो. समजा, लाखात एकदाच चूक होते. मग शंभर कोटींच्या ढिगात एक ठसा शोधला, तर दहा हजार निरपराध माणसे 'जुळली' म्हणून पुढे येतील. गोव्यात हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला होता. २०१३ साली वास्कोच्या एका शाळेत सात वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला. आरोपी सापडेना, म्हणून तपास यंत्रणेने आधारसाठी घेतलेले ठसे मागितले. खालच्या कोर्टाने द्या म्हटले. आधार प्राधिकरण वरच्या कोर्टात गेले. हे ठसे गुन्हेगार शोधण्यासाठी घेतलेले नाहीत आणि असे शोधले तर भलतेच लोक अडकतील, असे त्यांचे म्हणणे होते. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठसे देण्याला स्थगिती दिली. त्या लेकराला न्याय मिळावा असे कोणाला वाटणार नाही? पण दहा हजार घरांवर पोलीस धाडून तो मिळत नसतो. पुढे २०१६ च्या आधार कायद्यात लिहूनच ठेवले आहे की, आधारसाठी घेतलेले बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळे कोणत्याही कारणासाठी कोणालाही द्यायची नाहीत.

मात्र 'तूच का तो?' या सोप्या प्रश्नालाही आपल्या माय-माऊल्या नापास होतात. सिमेंट-चुन्यात काम करणारा गवंडी, विडीची पाने वळणारी बाई, चार घरची भांडी घासणारी मावशी, वीटभट्टीवरचे जोडपे यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. वय झाले की कातडी सैल आणि कोरडी पडते. मशीन म्हणते, 'जुळत नाही.' मागची रांग कुरकुरते, दुकानदार 'उद्या या' म्हणतो आणि म्हातारी आपलीच काही चूक झाल्यासारखी खाली मान घालून पिशवी घेऊन परत फिरते. जन्मभर राबल्याची खूण हातावर आहे, ती लाज वाटण्याची गोष्ट नव्हे! अशा वेळी हात धुऊन, पुसून दुसरे बोट लावून पाहा, दहाही बोटे लावून पाहा. तेही जमले नाही तर बुबुळाची तपासणी किंवा मोबाइलवर येणारा आकडा हे मार्ग आहेत. ठसा जुळला नाही म्हणून खऱ्या लाभार्थ्याचे धान्य अडवू नये, वहीत नोंद करून द्यावे, असे आधार प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले आहे. दुकानदार अडून बसला तर पुरवठा कचेरीत लेखी तक्रार द्या, तोंडी नको.

दुसरे, दस्तावरचे ठसे उचलून, त्यांची रबरासारखी नक्कल करून गरिबांच्या बँक खात्यांतून पैसे काढल्याचे प्रकार घडले आहेत. आधारच्या मोबाइल ॲपवर ठसे कुलूपबंद करून ठेवण्याची सोय आहे. घरातल्या शिकलेल्या मुलांनी ती आई-वडिलांना करून द्यावी. लागेल तेव्हा कुलूप उघडता येते.

तिसरी गोष्ट पोलीस ठाण्याची. ठसे द्यायला आपण नाही म्हणू शकतो का, असे तरुण मुले विचारतात. राज्यघटनेच्या विसाव्या कलमाने स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही. पण ठसा देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली मुंबई राज्याच्या एका खटल्यात ठरवले आहे. २०२२ च्या नव्या कायद्याने तर अटक झालेल्या माणसाचे ठसे, बुबुळे, फोटो घेता येतात आणि पंचाहत्तर वर्षे जपून ठेवता येतात. मोर्चातून उचललेल्या पोराचेही ठसे असे जाऊ शकतात. मात्र त्याच कायद्यात असेही आहे की, पूर्वी कधी शिक्षा झालेली नसेल आणि खटला न चालताच सुटका झाली, किंवा आरोपमुक्त अथवा निर्दोष ठरून अपिलाचे मार्गही संपले, तर कोर्टाने वेगळा हुकूम दिला नसल्यास त्या माणसाच्या नोंदी नष्ट करायच्या. यासाठी राज्याने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे लेखी मागणी करावी लागते. तेव्हा आपल्या वस्तीतला कोणी असा सुटला असेल, तर निकालाची शिक्क्याची नक्कल आजच काढून घ्या आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका.