डीएलएल आहे, पण चालत नाही: विंडोजवरचा टॉमकॅट

टॉमकॅट हा जावातला वेब सर्व्हर. तरी ओपनएसएसएल वापरून सुरक्षित जोडणी करण्यासारखे काम तो सी भाषेत लिहिलेल्या 'टीसीनेटिव्ह-१.डीएलएल' या फाइलकडे सोपवू शकतो. जावाचा प्रोग्रॅम जावा बसवलेल्या कुठल्याही संगणकावर चालतो. अशी नेटिव्ह लायब्ररी मात्र ठरावीक प्रणाली आणि ठरावीक प्रोसेसर यांच्यासाठीच बांधलेली असते. बिघाड बहुधा या सांध्यातच होतो.

ही लायब्ररी 'जावा.लायब्ररी.पाथ'वर सापडली नाही, अशी ओळ लॉगमध्ये दिसली की पुष्कळ जण धास्तावतात. ती ओळ 'इन्फो' दर्जाची, म्हणजे केवळ माहितीची असते. लायब्ररीची मुद्दाम सक्ती केलेली नसेल, तर टॉमकॅट जावाच्याच एनआयओ कनेक्टरवर नीट चालतो. ती हवीच असेल, तर फाइल टॉमकॅटच्या 'बिन' फोल्डरमध्ये ठेवावी.

'अनसॅटिस्फाइडलिंकएरर' आली, तर तिच्यापुढचा मजकूर शेवटपर्यंत वाचावा. निदान तिथेच असते. ३२ आणि ६४ बिटांचा उल्लेख असेल, तर आधी जावा तपासावा. ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ बिटांचा जावाही चालतो, आणि डीएलएल जुळावी लागते ती जावाशी. फोल्डरांच्या नावांवर विसंबू नये: 'सिस्टिम३२'मध्ये ६४ बिटांच्या फाइली असतात आणि 'सिसवाव६४'मध्ये ३२ बिटांच्या.

सर्वांत फसवी तक्रार अवलंबित लायब्ररी न सापडल्याची. फाइल डोळ्यांसमोर असते, वाटही बरोबर असते, पण तिला लागणारी दुसरी डीएलएल नसते. अनेकदा ती व्हिज्युअल सी++च्या रनटाइममधली असते. नेमकी कोणती, हे त्या संदेशात नसते आणि त्यापायी तासन्‌तास वाया जातात. प्रोसेस मॉनिटर हे साधन लावून टॉमकॅट सुरू केला, तर कोणती फाइल कुठे शोधली गेली आणि कुठेच मिळाली नाही, हे ओळीने दिसते.

बॅट फाइलने चालणारा टॉमकॅट विंडोज सर्व्हिस म्हणून अडतो, तेव्हा लायब्ररीला दोष देण्याची घाई करू नये. सर्व्हिस वेगळ्या खात्याखाली चालते, तिचा 'पाथ' वेगळा असू शकतो आणि 'सेटएन्व्ह.बॅट' ती वाचतच नाही. लायब्ररी 'बिन'बाहेर असेल, तर तिची वाट (टॉमकॅट ९ असल्यास) 'टॉमकॅट९डब्ल्यू' या खिडकीत, जावाच्या पर्यायांत नोंदवावी लागते.

अ‍ॅप्लिकेशन पुन्हा डिप्लॉय केल्यावर 'लायब्ररी दुसऱ्या क्लासलोडरने आधीच लोड केली आहे' अशी तक्रार येते, तिचे कारण निराळे. एक डीएलएल एका वेळी एकाच क्लासलोडरची असते, आणि जुना क्लासलोडर अजून स्मृतीत असतो. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केल्यास अडचण तेवढ्यापुरती सुटते. कायमचा उपाय म्हणजे लायब्ररी लोड करणारा क्लास अ‍ॅप्लिकेशनमधून काढून टॉमकॅटच्या 'लिब' फोल्डरमध्ये ठेवणे.

लायब्ररी लोड होऊनही सर्व्हर अचानक कोसळला, तर 'एचएस_ईआरआर_पीआयडी'ने सुरू होणारी फाइल शोधावी. तिच्या सुरुवातीलाच, कोसळताना कोणता कोड चालू होता, ते लिहिलेले असते. तिथे टीसीनेटिव्हचे नाव असेल, तर 'सर्व्हर.एक्सएमएल'मधला, ती लायब्ररी लोड करणारा एपीआर लिसनर तात्पुरता काढून सर्व्हर चालवून पाहावा. कोसळणे थांबले, तर त्या टॉमकॅटशी जुळणारी टीसीनेटिव्हची नवी आवृत्ती बसवावी.