लेखकाच्या श्रमाचे मोल

हातातल्या पुस्तकाची सुरुवातीची पाने उलटून पाहा. पुस्तकाचे हक्क कोणाकडे आहेत, हे तेथे बारीक अक्षरांत छापलेले असते. आपण ते सहसा वाचत नाही. पण त्या ओळींमागे एक कायदा आहे.

कोणी तुमची सायकल चोरली, तर ती तुमच्याकडे उरत नाही. पुस्तकाची चोरी निराळी असते. मूळ पुस्तक जागेवरच राहते. चोर त्याच्या प्रती छापून विकतो. मग नुकसान कोणाचे? विकलेल्या प्रतींवर प्रकाशक लेखकाला ठरलेला मोबदला देतो. त्याला रॉयल्टी म्हणतात. बनावट प्रतीतून लेखकाला एक पैसाही मिळत नाही. म्हणून तर ती स्वस्त असते! जुने पुस्तक विकत घेणे मात्र गुन्हा नाही. त्या प्रतीचे पैसे एकदा दिलेले असतात.

आपल्या देशात १९५७ साली कॉपीराइटचा, म्हणजेच स्वामित्व हक्काचा कायदा झाला. गोष्ट, कविता, चित्र, गाणे, चित्रपट, संगणकाची प्रणाली या सर्वांना तो लागू आहे. नोंदणी केली नसली, तरी हक्क मिळतो. तुम्ही स्वतः लिहिलेली कविताही तुमचीच! जो जाणूनबुजून हा हक्क मोडतो, त्याला ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. तोच गुन्हा पुन्हा केल्यास कैद किमान १ वर्षाची आणि दंड किमान १ लाखाचा असतो. पोलीस उपनिरीक्षक वॉरंटाशिवाय बनावट प्रती जप्त करू शकतो. नफ्याचा हेतू नसेल, तर न्यायालय कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकते.

कायदा विद्येच्या आड येत नाही. अभ्यासासाठी वहीत उतारा लिहून घेणे किंवा शिक्षकांनी फळ्यावर कविता लिहिणे गुन्हा नाही. शिवाय लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याचे साहित्य सर्वांचे होते. मिर्झा गालिब १८६९ मध्ये वारले, साने गुरुजी १९५० मध्ये. त्यांची पुस्तके आज कोणीही छापू शकतो.

नवा चित्रपट मोबाइलवर फुकट मिळतो, असे कोणी सांगितले, तर क्षणभर थांबा. तो बनवणाऱ्यांच्या घरची चूलही त्याच कमाईवर पेटते, हे आठवा.

स्वाध्याय
१. बनावट पुस्तक स्वस्त का असते?
२. जुने पुस्तक आणि बनावट पुस्तक यांत काय फरक आहे?
३. तुमची कविता दुसऱ्याने स्वतःच्या नावाने छापली, तर तुम्हांला काय वाटेल? पाच वाक्ये लिहा.