बांध कोणाचा, पाणी कोणाचं?

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. होस्टेलवर टँकर यायला सुरुवात झाली होती आणि आम्ही मुली बादल्या घेऊन रांगेत उभ्या होतो. वेळ जावा म्हणून मी मोबाईलवर एक गणित केलं. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. त्यावर ५० मिलिमीटरचा एक चांगला पाऊस पडला तर पाणी किती? साधारण २०२ घनमीटर, म्हणजे दोन लाख लिटर! आपला टँकर १० हजार लिटरचा धरला तर एका एकरावर एका पावसात वीस टँकर पाणी पडतं. फुकट! मग ते जातं कुठे?

उत्तर सोपं आहे. उताराने पळून जातं, आणि एकटं जात नाही, माती घेऊन जातं. एका एकरावरून मातीचा नुसता १ मिलिमीटरचा थर गेला तरी ४ घनमीटर माती गेली. आपल्या भाषेत सांगायचं तर जवळजवळ दीड ब्रास, वजनाने पाच टनांच्या वर. शेतकऱ्याला ते दिसतही नाही, कारण १ मिलिमीटर कोणाच्या डोळ्याला दिसणार?

हे सगळं मला सुचायचं कारण म्हणजे माझं आजोळ. पारनेर तालुक्यातलं एक छोटं गाव. तिथे माझे दोन मामा गेली काही वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण पैशावरून नाही, जमिनीच्या वाटणीवरूनही नाही. भांडण एका तालीवरून आहे.

ताल म्हणजे काय, हे खरं तर मलाही माहीत नव्हतं. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्याकडे 'काँटूर बंड' हा शब्द होता, 'ताल' नव्हता. आजोबा म्हणाले, "पोरी, तू पुस्तकात शिकती तीच ही. उताराला आडवा घातलेला मातीचा बांध." आमच्या शेतातल्या ताली ते तरुण असताना पडल्या. साहेब लोक दुर्बीण घेऊन आले, झेंडे रोवले, आणि मजुरांनी माती ओढून बांध घातले. गावात त्यांना अजून 'सरकारी ताली' म्हणतात. आजोबांची ती 'दुर्बीण' म्हणजे आपली डंपी लेव्हल, हे कळल्यावर मला फार मजा वाटली!

सरकारी ताली आल्या कुठून?

नगर जिल्हा (आताचा अहिल्यानगर) क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा, १७ हजार चौरस किलोमीटरच्या वर. पण पाण्याच्या बाबतीत त्याचे दोन तुकडे आहेत. उत्तरेला १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं, प्रवरेचे कालवे आले, ऊस आला आणि १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. दक्षिणेला पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड या भागात मात्र बाजरी, ज्वारी आणि आभाळाकडे डोळे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. इथे कालवा पोचणं कठीण, म्हणून पडेल ते पाणी शेतातच अडवणं हाच उपाय होता.

हा उपाय शास्त्रशुद्ध करायची सुरुवात सोलापूरला झाली. १९३३ च्या सुमारास तिथे कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं. पावसाचं किती पाणी वाहून जातं, सोबत किती माती जाते, याची मोजमापं झाली. त्यातून जी पद्धत तयार झाली ती 'बॉम्बे ड्राय फार्मिंग मेथड' म्हणून ओळखली जाते. शेताची बांधबंदिस्ती, शेणखत, विरळ पेरणी आणि वारंवार कोळपणी हे तिचे मुख्य भाग. पुढे १९४२ मध्ये मुंबई इलाख्यात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला. या कायद्याने सरकारला एका शेतासाठी नाही तर अख्ख्या पट्ट्यासाठी योजना आखता येऊ लागली. शेतकऱ्यांच्या हरकती ऐकायच्या, पण योजना एकदा मंजूर झाली की ती त्या पट्ट्यातल्या सगळ्यांना लागू. पन्नाशीच्या दशकात याच कायद्याखाली हजारो एकरांवर ताली पडल्या.

त्याच काळात तिकडे अमेरिकेतही हेच चाललं होतं. तिशीच्या दशकात त्यांच्या मैदानी प्रदेशात धुळीची वादळं उठली, शेतंच्या शेतं उडून गेली. ह्यू बेनेट या मृदातज्ज्ञाच्या पाठपुराव्यातून एप्रिल १९३५ मध्ये मृद्संधारणाचा कायदा झाला. त्याआधी १९३३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या कून व्हॅलीत पहिला पाणलोट प्रकल्प सुरू झाला होता. पण तिथला एक मोठा फरक लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे. तिथे एकेका शेतकऱ्याकडे शेकडो एकरांच्या घरातली जमीन, आणि सरकार त्याच्याशी पाच वर्षांचा करार करायचं. समपातळी रेषा बहुतेक वेळा एकाच मालकाच्या शेतात सुरू व्हायची आणि तिथेच संपायची.

ताल नेमकं करते काय?

आता थोडं आपल्या अभ्यासातलं. उतारावरून वाहणाऱ्या पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याची माती खरवडायची ताकद चौपट होते. त्याच आकाराचे कण ते सुमारे ३२ पट जास्त वाहून नेऊ शकतं, आणि वाहून नेता येणाऱ्या कणाचा आकार ६४ पट वाढतो. म्हणजे सगळा खेळ वेगाचा. उतार जितका लांब, तितका वेग जास्त. म्हणून लांब उताराचे आडवे तुकडे पाडायचे. पाणी थोडं धावलं की बांध, पुन्हा थोडं धावलं की बांध. बांधामागे ते थांबतं, जमिनीत मुरतं, आणि त्यातली माती तिथेच बसते.

दोन बांधांमध्ये किती अंतर ठेवायचं? पुस्तकातलं रॅमसरचं सूत्र असं : उभं अंतर = ०.३ × (उताराची टक्केवारी ÷ ३ + २) मीटर. आमच्या शेताचा उतार ३ टक्के धरला तर उत्तर येतं ०.९ मीटर. म्हणजे जमिनीवर दर ३० मीटरला एक ताल. जास्तीचं पाणी बांधावरून उसळू नये म्हणून ठरावीक ठिकाणी दगडी सांडवा. बस्स! ना सिमेंट, ना स्टील. दुसऱ्या वर्षाच्या सर्व्हेइंगवर होण्यासारखं काम आहे.

मग इतकं सोपं काम पुढे टिकलं का नाही?

रेषा आडवी, वाटणी उभी

एक कारण तांत्रिक आहे. भारी काळ्या जमिनीत उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, त्या बांधालाही पडतात. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी भेगेत शिरतं आणि बांध फुटतो. शिवाय अशा जमिनीत पाणी लवकर मुरत नाही, साचून पीक पिवळं पडतं. तिथे समपातळीऐवजी किंचित ढाळ दिलेले बांध योग्य, हे नंतर नीट समजलं.

पण आमची जमीन काही काळी नाही, मुरमाड आहे. आमची ताल दुसऱ्याच कारणाने मोडली.

आपल्याकडे भावांची वाटणी होते तेव्हा बहुतेक वेळा उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या पाडतात. कारण वरची जमीन हलकी, खालची चांगली. आडवी वाटणी केली तर एकाला सगळा माळ आणि दुसऱ्याला सगळी मळई! उभ्या पट्टीत प्रत्येकाला थोडं वाईट, थोडं चांगलं मिळतं. न्याय म्हणून हे बरोबरच आहे. पण समपातळी रेषा जाते आडवी. म्हणजे एकच ताल चार भावांच्या चार पट्ट्यांतून जाते.

धाकट्या मामांच्या वाट्याला २० मीटर रुंद आणि २०० मीटर लांब अशी पट्टी आली, म्हणजे एक एकर. त्यात सहा ताली. एका तालीचा पाया २ मीटर धरला तर सहा तालींखाली २४० चौरस मीटर, जवळजवळ अडीच गुंठे जमीन गेली. चाळीस गुंठ्यांतले अडीच गुंठे! शिवाय उभ्या पट्टीत ट्रॅक्टर लांबीने चालवायला सोपा, तालींमुळे दर ३० मीटरला वळवावा लागतो. मामांनी त्यांच्या हद्दीतल्या ताली नांगरून टाकल्या. आम्ही त्यांना मूर्ख म्हणू शकतो, पण हिशोब त्यांच्या बाजूने खराच होता.

पहिली दोन वर्षं काही झालं नाही. मग एका सप्टेंबरात परतीचा पाऊस जोरात आला. ताल पाण्याच्या पातळीतच असते, त्यामुळे तिच्यामागे साचलेलं शेजारच्या पट्ट्यांतलं पाणीही एकदम त्या वीस मीटरच्या खिंडीकडे धावलं. आधी जे पाणी चारही पट्ट्यांवर पसरून वाहिलं असतं ते एकाच जागी आलं. म्हणजे मोडलेली ताल ही नसलेल्या तालीपेक्षा वाईट! धाकट्या मामांच्या शेतात गुडघाभर घळ पडली आणि सगळी माती जाऊन पडली पायथ्याच्या विहिरीत. ती विहीर दोघांच्या सामाईक मालकीची. थोरले मामा म्हणाले, मुद्दाम केलं. धाकटे म्हणाले, माझंच शेत गेलं, मी कशाला मुद्दाम करू? तेव्हापासून बोलणं बंद.

हे फक्त आमच्याच घरी झालं असतं तर मी लिहिलं नसतं. पण महाराष्ट्रात कितीतरी ठिकाणी जुन्या ताली अशाच नाहीशा झाल्या. इंजिनिअरने काढलेली रेषा बरोबर होती. ती ज्यांच्या शेतातून जात होती त्यांना मात्र ती आपली वाटली नाही.

जिथे जमलं तिथे काय वेगळं होतं?

१९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर पुन्हा ताली पडल्या, पाझर तलाव झाले. त्यातूनच पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली. लोकांच्या हाताला काम मिळालं, हे फार मोठं. पण पुष्कळ कामं नंतर कोणी सांभाळलीच नाहीत.

मग आपल्याच जिल्ह्यात वेगळं काही घडलं. पारनेर तालुक्यातल्या राळेगण सिद्धीत १९७५ नंतर अण्णा हजारेंच्या पुढाकाराने काम सुरू झालं. गळका पाझर तलाव दुरुस्त करणं हे तिथल्या सुरुवातीच्या कामांपैकी एक. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारला १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. तिथे डोंगरावर सलग समतल चर खणले गेले, झाडतोड आणि मोकाट चराई बंद झाली, शेतीसाठी बोअरवेल घ्यायला बंदी झाली. पाऊस किती झाला ते मोजून यंदा कोणतं पीक किती घ्यायचं हे ग्रामसभेत ठरतं. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून काम झालं. मूळचे स्वित्झर्लंडचे, पण नगर जिल्ह्यात आयुष्य घालवलेले फादर हर्मन बाखर यांची ही कल्पना. माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करायचं, गावाने श्रमदान द्यायचं आणि चराईबंदी स्वतःहून पाळायची.

तिन्ही ठिकाणचं तंत्रज्ञान बघितलं तर फार नवं काही नाही. चर, ताली, नालाबांध, पाझर तलाव. नवं काय, तर आधी माणसं एकत्र बसली आणि मग माती हलली. ज्याची जमीन बांधाखाली जाते त्याला काय मिळणार, हे आधी ठरलं.

परत आजोळी

दिवाळीच्या सुट्टीत मी हार्डवेअरच्या दुकानातून १५ मीटर पारदर्शक पाइप आणला, दोन काठ्यांना पट्ट्या चिकटवल्या आणि पाणी भरून लेव्हल तयार केली. गावोगावच्या श्रमदानात समपातळी रेषा आखायला हेच साधं साधन वापरतात. दुसरी काठी धरायला माणूस हवा होता. आजोबांचं वय ८८, त्यांना कसं सांगणार? थोरल्या मामांनी एक काठी धरली. पण रेषा धाकट्या मामांच्या हद्दीत शिरली तिथे ते थांबले. पुढे येईनात.

मी धाकट्या मामांना हाक मारली. ते आले, काठी घेतली, काही बोलले नाहीत. पुढचा तासभर दोघं माझ्याशीच बोलत होते. "तिला सांग, काठी वर घे." "तिला सांग, पाणी हललंय, थांब म्हणावं." मी मध्ये उभी राहून निरोप देत होते!

रेषा आखून झाल्यावर मी कागदावर हिशोब मांडला. धाकट्या मामांचे अडीच गुंठे जातात, पण विहिरीला पाणी टिकलं तर फायदा दोघांचा. मग अडीच गुंठे एकट्याचे का जावेत? थोरल्यांनी कागद बराच वेळ बघितला. म्हणाले, विहिरीचा गाळ काढायचा खर्च मी करतो. हे ते धाकट्यांकडे बघून म्हणाले नाहीत, कागदाकडे बघून म्हणाले. धाकटे म्हणाले, बघू.

उन्हाळ्यात ताल पडेल का? मला माहीत नाही. चुन्याने आखलेली रेषा एव्हाना पुसलीही असेल. पण काठ्या आणि पाइप मी तिथेच ठेवून आले आहे.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यातले अर्धेअधिक जण गावाकडून आलेले आहेत. पुढच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा शेतातली जुनी ताल शोधा. कुठे मोडली, कधी मोडली आणि तिथे कोणाची हद्द लागते, एवढं विचारा. सूत्र पाठ असतंच आपलं. हे उत्तर मात्र घरच्यांनाच विचारावं लागतं.

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी