कच्ची वही खिशात, पक्की खतावणी कचेरीत

शंभर जण एकाच सॉफ्टवेअरवर काम करीत असतील, तर कोणी, केव्हा आणि कोणती ओळ बदलली याची नोंद ठेवावीच लागते. २००४ साली पहिली पूर्ण आवृत्ती आलेल्या ‘सबव्हर्जन’ने हे काम वर्षानुवर्षे चोख बजावले. तिची रीत सरळ आहे. एक मध्यवर्ती सर्व्हर, त्यावर कोडचे भांडार आणि प्रत्येक बदलाला चढत्या क्रमाने एक आकडा. मात्र नोंद करायची तर सर्व्हरशी संपर्क हवाच. आगगाडीत बसून तीन तास काम करणाऱ्या प्रोग्रामरला मधल्या टप्प्यांची नोंद करता येत नाही. अर्धवट प्रयोग मुख्य धारेत नोंदवला तर सहकाऱ्यांचे काम अडते. न नोंदवता पुढे रेटला, तर सकाळपर्यंत चालणारा कोड नेमका कुठे बिघडला हे शोधायला मागची पायरीच उरत नाही. वेगळी शाखा काढता येते, पण तीही सर्व्हरवरच.

लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलेल्या ‘गिट’ने ही रीतच बदलली. प्रत्येकाच्या संगणकावर संपूर्ण इतिहासासह भांडाराची प्रत असते आणि नोंदी जागच्या जागी होतात. तरीही मोठा प्रकल्प एका रात्रीत जुनी व्यवस्था मोडीत काढू शकत नाही. प्रवेशाचे अधिकार, रोजच्या चाचण्या, दोषांच्या यादीतले संदर्भ, सारे जुन्या आकड्यांवर बेतलेले असते. यावर निघालेला मधला मार्ग म्हणजे ‘गिट-एसव्हीएन’. एरिक वाँग यांनी लिहिलेले हे साधन २००६ पासून गिटसोबत मिळू लागले.

व्यापाऱ्याच्या पेढीवरची कच्ची वही आणि पक्की खतावणी डोळ्यांसमोर आणली, की त्याचे काम समजते. ‘क्लोन’ ही आज्ञा सर्व्हरवरचा इतिहास आपल्या संगणकावर उतरवून घेते. जुन्या प्रकल्पात हे काम तासन्‌तास चालते, कारण एकेक नोंद मागवावी लागते. त्यानंतर दिवसभर कच्च्या वहीत हवे तितके लिहावे, खोडावे. ‘रीबेस’ सहकाऱ्यांचे नवे बदल आणून आपल्या नोंदी त्यांच्यापुढे मांडते आणि ‘डीकमिट’ त्या एकामागून एक सर्व्हरवर चढवते. कचेरीला गिटचा पत्ताही लागत नाही.

खरी मेख येथेच आहे. डीकमिट झाल्यावर प्रत्येक नोंदीत सबव्हर्जनचा आकडा लिहिला जातो आणि स्थानिक नोंद नव्याने तयार होते. गिटमध्ये नोंदीची ओळख तिच्या मजकुरातूनच ठरत असल्याने ती ओळखही बदलते. तीच शाखा आधी सहकाऱ्याला थेट दिली असेल, तर त्याच्याकडे त्याच बदलांच्या जुन्या नोंदी राहतात आणि पुढे एकाच कामाच्या दोन प्रती समोरासमोर येतात. म्हणून कच्ची वही दुसऱ्याला देऊ नये, देवाणघेवाण सर्व्हरमार्फतच करावी, हा येथील पहिला नियम. दुसरा नियम असा, की सबव्हर्जनकडे इतिहास एका सरळ रेषेत जातो. गिटमधील शाखांची गुंफण तशीच्या तशी तेथे पोचत नाही, त्यामुळे विलीनीकरण टाळून रीबेस करणेच श्रेयस्कर.

कंपायलरच्या क्षेत्रातील ‘एलएलव्हीएम’ प्रकल्पात हा दुहेरी कारभार अनेक वर्षे चालला. अधिकृत भांडार सबव्हर्जनचे होते, शेजारी गिटची तयार प्रत ठेवलेली होती आणि अनेक जण गिटमध्ये काम करून डीकमिट करीत. ऑक्टोबर २०१९मध्ये हा प्रकल्प पूर्णपणे गिटवर गेला. त्याआधीच्या चर्चेत चढते आकडे गमावण्याची चिंता वारंवार व्यक्त झाली होती, आणि ती अनाठायी नव्हती: अमुक दोष कोणत्या दोन आकड्यांदरम्यान शिरला हे सांगणे सोपे असते, चाळीस अक्षरांच्या सांकेतिक ओळखीवरून आधीचे कोणते नि नंतरचे कोणते हे उमगत नाही. मुख्य शाखेचा इतिहास सरळ रेषेतच राहावा, विलीनीकरणाच्या नोंदी तेथे नकोत, हा दंडक मात्र स्थलांतरानंतरही त्या प्रकल्पाने कायम ठेवला.