शिक्षणशास्त्र आणि वर्गाबाहेरचे व्यवसाय

महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलानें किंवा मुलीनें शिक्षणशास्त्र हा विषय घेतला कीं, पुढें शिक्षकाचा पेशा पत्करावयाचा, असें घरांतील वडील मंडळी गृहीत धरतात. ज्याला शिकविण्याची आवड नाहीं, तो विद्यार्थी ह्या विषयाकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. शिक्षणशास्त्र म्हणजे केवळ शिकविण्याची हातोटी, ह्या रूढ कल्पनेचा हा परिणाम होय. वस्तुतः माणूस कसा शिकतो, कां विसरतो आणि शिकलेलें आचरणांत केव्हां आणतो, ह्यांचा पद्धतशीर विचार करणारें तें शास्त्र आहे. आणि हे प्रश्न शाळेच्या भिंतींपुरते मर्यादित नाहींत.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ह्या विचारास व्यावहारिक महत्त्व आलें आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्याप्रमाणें मुख्य विषयाच्या जोडीला एक दुय्यम, म्हणजे मायनर, विषय घेतां येतो. तीन वर्षांच्या पदवीसाठीं लागणाऱ्या १२० श्रेयांकांपैकीं २४ श्रेयांक, म्हणजे एक पंचमांश अभ्यास, त्यासाठीं आहे. हा पंचमांश शिक्षणशास्त्राला दिल्यानें काय लाभतें?

ह्याचें एक उत्तर आकाशवाणीच्याच इतिहासांत सांपडतें. १९५६ साली पुणें केंद्रानें युनेस्कोच्या साहाय्यानें आजच्या महाराष्ट्रांतील पांच जिल्ह्यांतल्या सुमारें १५० खेड्यांत श्रोतृमंडळें स्थापन केलीं. एकेका मंडळांत वीसएक गांवकरी असत. त्यांनीं खास त्यांच्यासाठीं योजलेले २० कार्यक्रम एकत्र ऐकावे, त्यांवर चर्चा करावी आणि मनांत आलेले प्रश्न केंद्राला कळवावे, अशी योजना होती. पॉल न्यूरॅथ ह्या समाजशास्त्रज्ञानें प्रयोगापूर्वीं व प्रयोगानंतर गांवकऱ्यांच्या ज्ञानाची तपासणी केली. मंडळें असलेल्या गांवांत माहिती पुष्कळच वाढलेली आढळली. जेथें रेडिओ होता पण मंडळ नव्हतें, तेथील वाढ अगदींच थोडी होती. ऐकणाऱ्याला बोलतें केल्यानें केवढा फरक पडतो, हें त्यावरून दिसून आलें.

दुसरें उदाहरण शेजारच्या बांगलादेशांतील आहे. अतिसारानें मुलें दगावूं नयेत म्हणून ब्रॅक ह्या संस्थेनें १९८० पासून घरोघरच्या मातांना मीठ, गूळ व पाणी ह्यांचें मिश्रण करावयास शिकविलें. सेविकांचा मोबदला केवळ भेट दिलेल्या घरांच्या संख्येवर ठरत नसे. मागाहून तपासनीस जात. मातांना काय आठवतें आणि मिश्रण बरोबर होतें कीं नाहीं, हें पाहून तो ठरे. सांगितलें म्हणजे शिकविलें असें होत नाहीं, हा शिक्षणशास्त्राचा पहिला धडा त्या वेतनपद्धतींतच गोंवलेला होता.

अशा कामांना ह्या विषयाचा अभ्यास उपयोगी पडतो. सूक्ष्मजीवशास्त्राचा पदवीधर आरोग्यप्रसाराचें काम करूं शकतो. इतिहासाचा अभ्यासक वस्तुसंग्रहालयांत आलेल्या मुलांना नाणीं व मूर्ति पाहावयास शिकवूं शकतो. बँकांतील व कारखान्यांतील प्रशिक्षण, पाठ्यपुस्तकांचें संपादन, शैक्षणिक चित्रपटांचें लेखन आणि संगणकावरील पाठांची रचना हींहि ह्याच जातीचीं कामें होत. ह्या सर्वांत मुख्य विषय ज्ञान पुरवितो. तें दुसऱ्याच्या मनांत कसें रुजवावें व रुजलें कीं नाहीं हें कसें तपासावें, तें दुय्यम विषय शिकवितो.

तथापि एक गोष्ट पालकांनीं स्पष्ट समजून घ्यावी. हा दुय्यम विषय म्हणजे अर्धी बी. एड. नव्हे. शाळेंत शिक्षक म्हणून नेमणूक होण्यास राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनें ठरविलेली अर्हता लागते. मायनरच्या २४ श्रेयांकांनीं ती मिळत नाहीं. तसेंच मुख्य विषय कच्चा राहिला, तर ह्या शास्त्राला आधारच उरत नाहीं, कारण शिकवावयाला आधीं कांहींतरी पक्कें ठाऊक असावें लागतें. म्हणून प्रवेशापूर्वीं महाविद्यालयाचा अभ्यासक्रम मागवून पाहावा. मूल्यमापन, अभ्यासक्रमाची रचना आणि प्रौढांचें शिक्षण हे भाग त्यांत आहेत काय व प्रत्यक्ष कार्यानुभवाची सोय आहे काय, हें विचारावें. तसें असेल, तर ज्या मुलाला मास्तर व्हावयाचें नाहीं, त्यानेंहि हा विषय घेण्यास हरकत नाहीं.