एक गाव, तीन कायदे

‘ही काय मोगलाई आहे का?’ कुठे अंदाधुंदी दिसली की आपण हटकून असे विचारतो. निजामाच्या राज्याला सरहद्दीपलीकडचे मराठी लोक मोगलाईच म्हणत. तिथे कायदा नसतो, असा त्यातला टोमणा. त्याच राज्यातल्या जालन्यापुरते पाहिले तर हा टोमणा उलटा बसतो. इथे कायदे कमी नव्हते, जास्त होते.

1827 मध्ये जालन्यात छावणी उभी राहिली. गाव निजामाचे, कुंडलिकेचे दोन्ही काठ निजामाचे, पण छावणीतल्या फौजेचे अधिकारी इंग्रज. हैदराबाद कंटिंजंट या नावाने ही फौज ओळखली जाई. तिच्या खर्चापोटी 1853 च्या तहात वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. बाजारात दोघांचे भांडण झाले तर ते निजामाच्या अदालतीत जाई. छावणीच्या हद्दीतला कारभार छावणीच्या नियमांनी चाले. आणि भांडणारा गोरा असला तर प्रकरण हैदराबादच्या कोठीवर, म्हणजे रेसिडेंटकडे. युरोपियन आणि इतर परदेशी माणसांच्या गुन्ह्यांची चौकशी रेसिडेंटने करावी, असा अधिकार निजामाने 1861 मध्ये त्याला दिला होता. ‘दिला’ हे कागदावरचे क्रियापद. कोठीने मागितलेले नाकारण्याची ताकद दरबारात किती होती, हे दरबारालाही ठाऊक होते.

या व्यवस्थेचे मर्म असे की गुन्हा कुठे घडला यापेक्षा तो कोणी केला हे आधी पाहिले जाई. जमीन एकच, पण न्यायाधीश माणसागणिक वेगळा.

मग निजामाच्या राज्यात रेल्वे आली आणि रुळांच्या दोन्ही बाजूंची चिंचोळी पट्टीही या गुंत्यात ओढली गेली. रूळ निजामाच्या मुलखातून जात, तरी त्या पट्टीवरचा दिवाणी आणि फौजदारी अधिकार दरबाराने इंग्रजांना दिलेला होता. या पट्टीवरच शंकरपल्लीचे प्रकरण घडले. वाडी–सिकंदराबाद मार्गावरचे हे छोटे स्टेशन. मुहम्मद युसुफुद्दीन हे निजामाचे प्रजाजन. ब्रिटिश हिंदुस्थानच्या दृष्टीने परक्या राज्याचा माणूस. त्यांना या स्टेशनात पकडले ते सिमल्याच्या मॅजिस्ट्रेटच्या वॉरंटावर. आरोपाचा रेल्वेशी काही संबंध नव्हता. आरोपींची देवाणघेवाण कशी करायची, यासाठी निजाम आणि इंग्रज सरकार यांच्यात 1867 चा करार होता. त्या वाटेने जायचे तर दरबाराकडे मागणी करावी लागली असती. फलाटावर हात धरणे सोपे.

दावा थेट लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. 1897 मध्ये लॉर्ड चॅन्सेलर हॅल्सबरी यांनी निकाल दिला: रेल्वेची जमीन निजामाचीच आहे, दिलेला अधिकार रेल्वेच्या कामापुरता, सिमल्याचे वॉरंट तिथे चालत नाही. अटक बेकायदा ठरली. म्हशीला चरायला कुरण दिले म्हणून कुरण म्हशीच्या नावावर होत नाही, एवढे साधे तत्त्व. पण ते साम्राज्याच्याच सर्वोच्च न्यायपीठाने साम्राज्याला ऐकवले, याचे मोल मोठे.

हा निकाल म्हणजे परक्या भूमीवरच्या अटकेचे शेवटचे उत्तर नव्हे. 8 जुलै 1910 रोजी मार्सेयच्या बंदरात विनायक दामोदर सावरकरांनी बोटीतून उडी मारली आणि फ्रेंच किनारा गाठला. फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून पुन्हा इंग्रजांच्या हवाली केले. फ्रान्सने आक्षेप घेतला आणि प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले. 24 फेब्रुवारी 1911 च्या निवाड्याने सोपवण्यात अनियमितता झाल्याचे मान्य केले, पण कैदी परत करण्याचे बंधन इंग्लंडवर नाही असे ठरवले. शंकरपल्लीत हात चुकीच्या जागी पडला म्हणून माणूस सुटला. मार्सेयला तो चुकल्याचे कबूल होऊनही सुटला नाही. निजाम हा इंग्रजांचा मांडलिक आणि फ्रान्स बरोबरीचे राष्ट्र, हे लक्षात घेतले की यातली गंमत कडू लागते.

जालन्यापर्यंत रेल्वे पोहोचली ती हैदराबाद–गोदावरी खोऱ्याच्या मीटरगेज मार्गाने. 1899 ते 1901 या काळात हैदराबाद आणि मनमाड जोडले गेले. तोवर शंकरपल्लीचा निकाल लागून गेला होता. 1902 च्या करारात वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे गेले, कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन झाली आणि 1903 मध्ये जालन्याची छावणी उठली. तीनातला एक कायदा तिच्याबरोबर गेला. कोठीचा हक्क मात्र पुढेही राहिला.

शंकरपल्लीच्या निकालाचा लाभ दरबाराला झाला, त्याच्या माणसांना झाला. गावातल्या विणकराला फिर्याद घेऊन जायला अदालत एकच होती. कोणत्या कायद्याखाली यायचे हे निवडायची सोय त्याला कधीच नव्हती. मोगलाई म्हणायचीच असेल, तर या अवस्थेला म्हणावी.