शिंकेच्या मागावर

16 मार्च 1819. लंडनच्या मेडिकल अँड कायरर्जिकल सोसायटीच्या बैठकीत डॉ. जॉन बोस्टॉक एका रुग्णाची हकिगत वाचून दाखवत होते. रुग्ण ‘जे. बी.’, वय 46. दरवर्षी जूनच्या मध्याला त्याचे डोळे लाल होतात, चुरचुरतात, पाणी गळायला लागतं. मागोमाग शिंकांची सरबत्ती. मग छाती आवळते, श्वास पुरत नाही, अंगात त्राण राहत नाही. वयाच्या आठव्या वर्षापासून हा त्रास. शिरा उघडून रक्त काढून झालं, गार पाण्याच्या अंघोळी झाल्या, अफू आणि पाराही झाला. कशानेही उतार पडेना.

जे. बी. म्हणजे स्वतः जॉन बोस्टॉक.

असे रुग्ण आणखी कुठे आहेत का, हे शोधण्यात बोस्टॉकची पुढची नऊ वर्षं गेली. 1828मध्ये त्यांनी दुसरा निबंध वाचला तेव्हा हाती जमले होते सगळे मिळून 28 रुग्ण. आज ऋतू पालटला की घरोघरी कुणीतरी रुमाल शोधत असतं. त्या काळच्या अख्ख्या इंग्लंडमध्ये मात्र अठ्ठावीस माणसं मिळवायला एका नामांकित डॉक्टरला नऊ वर्षं लागली. आणि जे सापडले ते बहुतेक खात्यापित्या घरातले. गवतात राबणाऱ्या मजुरांत हा आजार जवळपास दिसतच नव्हता.

लोकांनी आपल्यापुरतं कारण ठरवून टाकलं होतं : नुकत्याच कापलेल्या गवताचा वास. त्यावरूनच आजाराला ‘हे फीव्हर’ हे नाव पडलं. बोस्टॉकना ते पटलं नव्हतं. त्यांचा संशय उन्हाळ्याच्या उकाड्यावर होता. म्हणून त्यांनी रॅम्सगेटला, समुद्रकाठच्या कड्यावर, घर भाड्याने घेतलं आणि उन्हाळ्यात घराबाहेर पडणं टाळलं. तिथे त्यांना थोडा आराम पडला. गारव्याने गुण आला, असं त्यांना वाटलं. आज आपल्याला कळतं की समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात गवताचे पराग कमी असतात. म्हणजे उपाय लागू पडला होता, पण त्यामागचा हिशेब चुकीचा होता.

या आजाराची खरी गोम इथेच आहे. तो ठरल्या वेळी येतो आणि ठरल्या वेळी आपणहून जातो. जुलै सरता सरता तुम्ही काढा घेतला असेल, अंगारा लावला असेल किंवा नुसते पाय ताणून पडला असाल, तरी शिंका थांबणारच. शेवटी जे केलं, त्याच्या पदरात श्रेय पडतं. पुढल्या वर्षी त्रास पुन्हा आला, तर ‘यंदा जरा उशीर झाला’ म्हणायला माणूस मोकळा.

या गोमेवर मात केली ती मँचेस्टरच्या चार्ल्स हॅरिसन ब्लॅकली यांनी. 1820मध्ये बोल्टन इथे जन्मलेला हा माणूस आधी छापखान्याच्या धंद्यात होता. तिशी उलटल्यावर वैद्यक शिकला, 1858मध्ये डॉक्टर झाला आणि त्याने दवाखाना थाटला तो होमिओपॅथीचा. लंडनच्या मोठ्या डॉक्टरांच्या पंगतीत त्याला पाट मिळण्याची शक्यता नव्हती. त्याच्याकडे एक सूक्ष्मदर्शक होता, अफाट चिकाटी होती आणि दर उन्हाळ्यात शिंकून बेजार होणारं स्वतःचं नाक होतं.

1859च्या सुमारास ब्लॅकली एका आडरस्त्याने चालले होते. एक गाडी शेजारून गेली, धुरळा उडाला आणि शिंकांनी त्यांना जागीच उभं केलं. आता धूळ मँचेस्टरमध्ये काय थोडी होती? शहरातल्या धुळीने असं कधी झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम त्याच जागी गेले, धूळ उडवली, पुन्हा तोच प्रकार. मग ती धूळ त्यांनी काचेवर घेऊन भिंगाखाली पाहिली. मातीच्या कणांत गवताचे परागकण मिसळलेले होते.

दुसरा कुणी असता तर इथेच ‘सापडलं’ म्हणून मोकळा झाला असता. त्याच सुमारास जर्मनीत गीसन इथले प्राध्यापक फिलिप फोबुस यांनी ठिकठिकाणच्या डॉक्टरांकडून माहिती मागवून या आजाराचा मोठा ग्रंथ सिद्ध केला होता. तो 1862मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात संभाव्य कारणांची जंत्री होती : ऊन, उकाडा, धूळ, ओझोन, फुलांचे वास, वाळत्या गवतातून सुटणारी द्रव्यं. ब्लॅकली यांनी एकेका संशयिताला वेगळं काढलं. गवतातलं बेन्झोइक आम्ल हुंगलं, नव्या गवताला गोडसर वास देणारं कुमारिन हुंगलं, ओझोन हुंगून पाहिला. कुठे डोकं जड झालं, कुठे घसा खवखवला, पण जूनमधला तो खास त्रास कशानेच उभा राहिना.

मग पाळी आली परागांची. ब्लॅकली यांनी ते नाकात घातले, डोळ्याला लावले, श्वासातून छातीत ओढले. लगेच शिंका, सुजलेल्या पापण्या, धाप. हातावर बारीक ओरखडा काढून त्यावर ओले पराग ठेवले, तर तेवढीच जागा खाजून फुगून आली. ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे आज हातावर थेंब टाकून सुईने टोचतात, त्या चाचणीचा हा मूळपुरुष. आणि सगळ्यात निर्णायक गोष्ट म्हणजे साठवून ठेवलेल्या परागांचे प्रयोग त्यांनी थंडीच्या दिवसांतही केले. बाहेर ना ऊन, ना गवत, ना फुलं. तरीही जूनमधला आजार ऐन हिवाळ्यात हजर झाला. हंगामाच्या आडोशाला लपलेलं कारण हंगामाबाहेर ओढून काढलं, ते असं.

एक प्रश्न उरला होता. पराग दोषी खरे, पण रोजच्या हवेत ते पुरेसे असतात का? ब्लॅकली यांनी काचेच्या पट्टीवर चिकट द्रव लावला, माणसाच्या नाकाच्या उंचीवर ती उघड्यावर ठेवली आणि दर चोवीस तासांनी एका चौरस सेंटिमीटरवर किती पराग चिकटले ते भिंगाखाली एकेक करून मोजले. हंगामामागून हंगाम हे चाललं. जूनमध्ये आकडा चढत जाई, शेकड्यांत पोहोचे, पाऊस पडला की धाडकन खाली येई, आणि त्यांचा स्वतःचा त्रासही त्याच चालीने वर-खाली होई. पुढे तर त्यांनी पतंगांना चिकट काचा बांधून त्या हजार फुटांच्याही वर चढवल्या. वर पराग कमी असतील असं कुणालाही वाटावं. काचा खाली उतरवून पाहिल्या तर जमिनीलगतच्यापेक्षा जास्त पराग! गवताच्या शेतापासून कोसावर, शहराच्या मध्यात बसलेला माणूस का शिंकतो, याचं उत्तर आभाळातून उतरलं होतं.

1873मध्ये ब्लॅकली यांचं पुस्तक निघालं. एक प्रत चार्ल्स डार्विनकडे गेली आणि परागांत आयुष्य घालवलेल्या त्या वृद्धाने पत्र लिहून त्याची दखल घेतली. एक कोडं मात्र ब्लॅकलींनाही पुरतं सुटलं नाही. पराग सर्वांत जास्त ज्यांच्या नाकात जातात ते शेतकरी ठणठणीत, आणि बंगल्यात राहणारे आजारी, असं का? सतत संपर्काने शरीराला सवय होत असावी, हा एक तर्क त्यांनी मांडला होता. गोठ्याच्या सहवासात वाढलेल्या मुलांमध्ये ॲलर्जी कमी का आढळते, यावर संशोधक आजही काम करत आहेत.

अमेरिकेत डॉ. मॉरिल वायमन त्याच वेळी वेगळ्या तणाच्या मागावर होते. केंब्रिजमध्ये राहताना दर शरद ऋतूत त्यांना हा त्रास होई, व्हाइट माउंटन्सच्या डोंगरात मात्र होत नसे. 1870मध्ये त्यांनी ‘रॅगवीड’ या तणाचं पुडकं सोबत डोंगरात नेलं आणि तिथे उघडून हुंगलं. ते आणि त्यांचा मुलगा, दोघेही शिंकायला लागले. या रॅगवीडचं एक जवळचं भावंड आपल्या चांगल्या ओळखीचं आहे : गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत. 1950च्या दशकात पुण्यात त्याचा बोलबाला सुरू झाला, आयात गव्हाबरोबर ते आलं असं मानतात. बांधावर, रेल्वेरुळांकडेला, मोकळ्या प्लॉटवर ते माजलं आणि त्वचेची खाज नि नाकाची कटकट दोन्ही घेऊन आलं.

पुढचा माग भराभर लागत गेला. 1911मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लेनर्ड नून यांनी गवताच्या परागांचा अर्क अगदी थोड्या मात्रेत टोचायला सुरुवात केली आणि मात्रा हळूहळू वाढवत नेली. परागात विष असतं ही त्यांची समजूत चुकीची होती, इंजेक्शनं मात्र आजही दिली जातात. 1921मध्ये कार्ल प्राउस्निट्झ यांनी, माशांची ॲलर्जी असलेल्या हाइन्झ क्युस्टनर या सहकाऱ्याच्या रक्तातला द्रव स्वतःच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि मासे निवांत पचवणाऱ्या प्राउस्निट्झ यांच्या अंगावर गांध उठली. ॲलर्जीचं मूळ रक्तातल्या कुठल्यातरी घटकात आहे, हे त्यातून दिसलं. 1960च्या दशकात अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दांपत्याने, आणि स्वतंत्रपणे स्वीडनमधल्या संशोधकांनी, तो घटक पकडला. 1968मध्ये त्याचं नाव ठरलं : आयजीई. हे प्रतिपिंड नाकाच्या अस्तरातल्या पेशींवर दबा धरून असतात, पराग आला की त्या पेशींमधून हिस्टामिन सांडतं आणि शिंक येते.

आता थोडं मागे जाऊन दुसरी एक गोष्ट. 18 सप्टेंबर 1895 रोजी आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट इथे डॅनिएल डेव्हिड पामर यांनी इमारतीत झाडलोट करणाऱ्या हार्वे लिलार्ड यांचा पाठीचा मणका दाबून ‘बसवला’ आणि लिलार्ड यांचं बहिरेपण गेलं, असा दावा केला. ऐकण्याची नस पाठीच्या कण्यातून जात नाही, ती कवटीच्या आतच असते. तरीही या एका प्रसंगावर कायरोप्रॅक्टिक हा पंथ उभा राहिला. शंभरातले पंच्याण्णव आजार मणके सरकल्यामुळे होतात, असं पामर यांनी पुढे ठामपणे लिहिलं. पामर हे वैद्यकाच्या मुख्य पंगतीबाहेरचे, तसे ब्लॅकलीही बाहेरचेच. पण ब्लॅकली यांनी आपल्या कल्पनेला वर्षानुवर्षं काचेवर, कातडीवर आणि पतंगावर चढवून पारखलं. पामर यांनी एका माणसावरून सिद्धान्त बांधला.

मान-पाठीचे मणके झटका देऊन मोकळे केले की प्रतिकारशक्ती ताळ्यावर येते आणि ऋतूची ॲलर्जी जाते, असं अमेरिकेतले काही कायरोप्रॅक्टर आजही सांगतात. आता त्याचे रीळ इकडच्या मोबाइलवरही फिरतात. त्याच्या जवळचा एक दावा कॅनडात नीट तपासला गेला. दम्याच्या मुलांचे दोन गट केले. एकाला चार महिने खरे झटके, दुसऱ्याला तसेच वाटणारे लटके हात. नेहमीची औषधं दोघांचीही चालू. 1998मध्ये निकाल छापून आला : बरं दोघांनाही वाटलं, पण खऱ्या आणि लटक्यात म्हणण्यासारखा फरक काही निघाला नाही. कुणीतरी आपल्याकडे लक्ष देऊन हात लावला की माणसाला हलकं वाटत असावं, फार तर एवढंच त्यावरून म्हणता येतं.

दुखऱ्या कंबरेला अशा उपचाराने आराम पडू शकतो, त्याला पुरावाही आहे. शिंका मात्र मणक्यातून निघत नाहीत. त्या निघतात आयजीई आणि परागाच्या गाठीतून, आणि तिथे कामाला येतात अँटिहिस्टामिनच्या गोळ्या, नाकातला स्टिरॉइडचा फवारा आणि तपासणीनंतर नूनच्या वाटेची इंजेक्शनं. शिवाय मानेला दिलेला झटका क्वचित मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा करून गेल्याच्या नोंदी आहेत. शिंकेसाठी एवढी जोखीम कशाला?

तेव्हा ‘आमच्या उपचाराने ॲलर्जी महिन्याभरात पळाली’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर ब्लॅकली यांना स्मरून एवढंच विचारावं : महिना कुठला होता?